म्हापशाजवळचं मुलींचं लर्निंग सेंटर, चार स्टार (पाचवा का कापला ते खाली)

नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं मोजून पंधराएक मुली आहेत, नाव लिहिलं की उद्या कदंबा बसमध्ये बसलेलं कुणीतरी बोट दाखवणार, ती बघ तिथली.

माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत, बडबडी पण हुशार. पाचवीत गेली आणि सगळं एकदम इंग्लिश, गोव्यात बहुतेकांचं हेच होतं, कोण तरतं कोण नाही. तिला अर्धं कळायचं नाही, विचारलं की बाकीच्या हसायच्या, मग ती विचारायचं सोडून उलट उत्तरं द्यायला लागली. डायरीत लाल पेनने 'बिहेवियर' इतक्या वेळा आलं की सातवीत नवीन टीचर आली तर हीच जाऊन सांगते, "टीचर, मी बिहेवियरवाली." मुलग्यांनी बेंच मोडला तरी ती मस्ती, हिने आवाज चढवला की लगेच काउन्सेलर. आठवीत हेडमास्तरांनी गोड बोलून लिव्हिंग न्यायला सांगितलं आणि मी येडी, अर्जावर 'स्वखुशीने' लिहून सही करून मोकळी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवी होईपर्यंत मुलाला काढताच येत नाही, म्हणून तो शब्द हवा होता हे नंतर कळलं.

सेंटरमध्ये पहिल्या दिवशी मी जाडजूड फाईल घेऊन गेले, टीचरने ती न उघडता बाजूला ठेवली आणि मुलीला विचारलं, तुला काय काय येतं गो? ही म्हणाली, मला राग येतो. टीचर म्हणे, तो मलाही येतो, काम काय येतं? बराच वेळ गप्प, मग हळूच, आबोलीची फाती, म्हणजे गजरा. आजी शुक्रवारच्या बाजारात फाती विकते, ही लहानपणापासून तिच्या बाजूला बसलेली. दुसऱ्या दिवसापासून गणित त्याच्यावरच, कळे किती, दोरा किती, संध्याकाळी भाव उतरला तर सुटतात किती.

दहावी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या ओपन स्कूल बोर्डातून. पाच विषय पुरतात, नऊ संधी आणि पाच वर्षं मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा. हिने मराठी, होम सायन्स, पेंटिंग घेतलंय, गणित स्वतःहून घेतलं, इंग्लिश भीत भीत. सायन्स इथं कच्चं आहे, तुमच्या मुलीला त्या लाईनला जायचं असेल तर बाहेर ट्यूशन लावा. बालरथ (सरकारी योजनेतली शाळेची बस) नाही, येणंजाणं तुमचं तुम्ही बघायचं.

आता तो स्टार. वर्षातून एकदा देणगीवाले येतात, तेव्हा मुलींना स्टेजवर उभं करून बोलायला लावतात, मी आधी कशी होते आणि आता कशी झाले. टाळ्या पडतात, एकदोन बायका रडतातसुद्धा. माझी उठलीच नाही. घरी येऊन म्हणाली, मम्मी, इथं कुणी मला तसं म्हणत नाही, मग त्यांच्यासमोर मीच का म्हणायचं? मी जाऊन भांडले. मोठी टीचर खरं बोलली, म्हणे त्या दिवसावर वर्षाचं भाडं निघतं, मी काय करू. उत्तर माझ्याकडेही नव्हतं, पण स्टार कापला.

माझी नणंद इंग्लंडात स्विंडनला शाळेत हेल्पर आहे (अर्धं गोंय तिथंच की), ती सांगते इंग्लंडात २०१४ च्या सरकारी नियमांत अशा मुलांच्या गटाच्या नावातून 'बिहेवियर' काढून तिथं मानसिक आरोग्य घातलं. स्टाफरूममध्ये काय म्हणतात विचारलं तर हसली नुसती.

ह्या वर्षी कार्यक्रमात बोलणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवलंय असं कळलं. माझी म्हणते, मी बोलणार नाही, पण दारावरच्या फात्या मी करणार आणि त्याचे पैसे लावणार. किती लावणार ते अजून ठरलं नाही, आजीचा भाव जास्त आहे म्हणते.