हवेत फिरणारी चाकं बघून 120 पौंड घालवले

120 पौंड 40 पेन्स गेले. मॉडेल रेल्वेच्या इंजिनांसाठी 38 पौंडांना एक अशा तीन टेंडर ड्राइव्ह मोटर्स (टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा), वर 6 पौंड 40 पेन्स टपालखर्च. सांगायची लाज वाटते, पण इथे लेस्टरला आपल्यातलेच दोघं विक्रीच्या साइटवरच्या त्याच माणसाकडून घ्यायच्या बेतात आहेत, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे हॉर्नबी कंपनीची जुनी ए3 जातीची मॉडेल इंजिनं आहेत, ओओ गेज या मापाची. मोटर मागच्या टेंडरमध्ये, टेंडर ढकलतं आणि इंजिन पुढे पळतं. मूळची तीन पोलची, म्हणजे फिरत्या भागावर तीन वेटोळी असलेली रिंगफील्ड मोटर कमी वेगाला अडखळते, म्हणून पाच पोलची हवी होती. जाहिरातीत तेच लिहिलेलं: पाच पोल, सर्व्हिस केलेली.

त्याने व्हिडिओ पाठवला. निळ्या फोमवर उलटं टेंडर, चाकं हवेत गरागरा. जितकी जोरात फिरली तितका मी खूश! अहो, मॅग्नेट कमजोर झाला की बिनभाराची मोटर उलट जास्तच जोरात फिरते, करंट जास्त खाते आणि ओढायची ताकद जाते. हे मला पक्कं माहीत होतं. ‘सहा डबे जोडून दाखवा’ एवढं लिहायचं होतं फक्त. पण रात्रीचे साडेअकरा वाजलेले, दिवसभराचा थकवा, आणि माणूस इतका अदबीने बोलत होता की शंका घेणं बरं वाटेना. साइटची फी वाचेल म्हणून थेट बँकेत पैसे मागितले, तेही दिले. असं कुणी मागितलं की तिथेच थांबा.

पार्सल उघडलं. कव्हर काढलं तर आर्मेचरवर, म्हणजे त्या फिरत्या भागावर, वेटोळी तीन. दुसरी मोटर, तीन. तिसरी, तीन. चाकांवरचे रबरी ट्रॅक्शन टायर कडक होऊन चिरलेले. चार डबे जोडले तर टेंडर जागचं हलेना, मोटर मात्र चटका बसेल इतकी तापली. घेण्याआधी आतल्या आर्मेचरचा फोटो मागा आणि वेटोळी स्वतः मोजा. डीकोडर (डिजिटल आदेश घेणारी चिप) लावणार असाल तर मोटरला वीज पोचवणारे दोन्ही ब्रश चासीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे आहेत का, तेही बघा.

साइट म्हणते, व्यवहार आमच्याबाहेर झाला. बँक म्हणते, वस्तू मिळाली ना, मग हा तुमचा खासगी वाद. फसवणुकीचे पैसे बँकांनी परत द्यायचा नियम 7 ऑक्टोबर 2024 पासून आहे, पण असे वाद त्यात बसत नाहीत. बसले तरी 100 पौंडांपर्यंत कापायची त्यांना मुभा. म्हणजे हातात येणार 20 पौंड 40 पेन्स! सरकारी तक्रार फोनवर 47 मिनिटं ताटकळलो. एक क्रमांक मिळाला, पाच आठवड्यांनी पत्र आलं: पुढे तपास होणार नाही. मोटर्स, फोटो, बँकेची नोंद, सगळं द्यायला तयार होतो. कुणी मागितलंसुद्धा नाही.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा जाहिरातीत दिसला. तोच निळा फोम. किंमत आता 45 पौंड.