समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी कॉलेजची लायब्ररी: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

नोकरी मिळवताना ओळखीपाळखीचा किती उपयोग होतो, या विषयावर मी एम.ए.चा प्रबंध लिहिते आहे. त्यासाठी बरेच महिने कॉलेजच्या लायब्ररीतून संदर्भ शोधते आहे. सोशिऑलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स, सॉकइंडेक्स आणि जेस्टोर हे डेटाबेस, म्हणजे शोधनिबंधांच्या नोंदींचे ऑनलाइन संग्रह, वापरले, जोडीला शोधनिबंध शोधून देणारे गूगल स्कॉलर. प्रत्येक लायब्ररीत हे सगळे असतीलच असे नाही, पण कामाची रीत सगळीकडे सारखीच लागते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे मत आधीच सांगते. सर्चच्या चौकटीत शब्द टाकून जे मिळते, त्यापेक्षा एका चांगल्या शोधनिबंधाचा माग काढत गेल्यावर जे मिळते ते कितीतरी मोलाचे असते. शब्द टाकून फक्त सुरुवात होते.

माझ्या विषयात असा निबंध म्हणजे मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा, ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’तला. नव्या नोकरीची खबर जवळच्या माणसांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून येण्याची शक्यता जास्त, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, असे त्यांचे म्हणणे. या निबंधाची संदर्भसूची मागच्या काळात घेऊन जाते आणि स्कॉलरमधले ‘साइटेड बाय’, म्हणजे या निबंधाचा उल्लेख करणाऱ्या नंतरच्या लेखनाची यादी, पुढच्या काळात. पुढे जाताना हजारो नोंदी समोर येतात, पण त्या नोंदींपुरताच शोध घेण्याची सोय तिथे आहे. त्या सोयीवर खूण करून ‘स्ट्राँग टाइज’ (घट्ट नाती) हे शब्द टाकले आणि यानजिये बियान यांचा १९९७ चा निबंध सापडला. त्यांनी चीनमधल्या तियानजिन शहराचा अभ्यास केला होता. तिथे नोकऱ्या सरकार नेमून देत असे. अशा व्यवस्थेत नुसती खबर मिळून भागत नव्हते, कोणालातरी आपली शिफारस करावी लागे, आणि ती जोखीम घट्ट नात्यातला माणूसच घेई. म्हणजे ग्रॅनोव्हेटर यांच्या निष्कर्षाच्या अगदी उलट चित्र, आणि तेही पटणाऱ्या कारणासह. माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण या दोन निबंधांमधल्या तणावावरच उभे आहे.

याच वाटेने २०२२ चा एक अभ्यास मिळाला. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळाच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर ५ वर्षांत झालेल्या प्रयोगांवर तो आधारलेला आहे. फार घट्टही नाही आणि फार विरळही नाही, अशा मधल्या ओळखी नोकरीसाठी सर्वांत उपयोगी ठरतात, असे त्यात दिसते. हा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मी समाजशास्त्रापुरत्या डेटाबेसवर विसंबून राहिले असते, तर तो हाती लागण्याचा भरवसा नव्हता. समाजशास्त्राचे प्रश्न अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, संगणकशास्त्र अशा सगळ्या घरांत राहतात, ही गोष्ट शोध घेताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

तरीही विषयाचा खास डेटाबेस सोडू नका. सोशिऑलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्समध्ये १९५२ पासूनच्या नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीला ठरावीक विषयसंज्ञा, म्हणजे विषय सांगणारे ठरवून दिलेले शब्द, जोडलेल्या असतात. लेखकाने शीर्षकात कोणतेही शब्द वापरलेले असोत, संज्ञा बरोबर निवडली की सारखे निबंध एकत्र येतात. मला याचा सर्वांत जास्त उपयोग झाला तो ‘सोशल कॅपिटल’ (ओळखी आणि नात्यांतून मिळणारे बळ) या संकल्पनेसाठी. समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू व कोलमन आणि राज्यशास्त्रज्ञ पटनम या तिघांनी ती वेगवेगळ्या अर्थाने वापरली आहे. साधा शोध घेतला की शाळा, आरोग्य, मतदान असे सगळेच समोर येऊन पडते. मग संकल्पना अवतरणचिन्हांत, तिच्याशी ‘अँड’ने जोडलेली विषयसंज्ञा, आणि शोध फक्त सारांशापुरता मर्यादित, असे केले की यादी वाचण्याजोगी होते.

जेस्टोर मला फार आवडते, पण त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. तिथला शोध संपूर्ण मजकुरात चालतो, त्यामुळे एखाद्या तळटीपेत शब्द आला तरी निबंध यादीत येतो. शिवाय अनेक नियतकालिकांचे अलीकडचे अंक तिथे नसतात. साधारण ३ ते ५ वर्षांची भिंत असते आणि ती दरवर्षी पुढे सरकते. नवे संशोधन शोधायला ही जागा नाही. जुने वाचायला मात्र तोड नाही: ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’ १८९५ च्या पहिल्या अंकापासून आणि ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’ १९३६ पासून उघडता येते.

‘पिअर-रिव्ह्यूड’ (छापण्याआधी त्या विषयाच्या तज्ज्ञांनी तपासलेले) हा फिल्टर सगळे शिक्षक लावायला सांगतात, आणि लावावाच. पण तो नियतकालिकाला लागतो, प्रत्येक मजकुराला नाही. त्याच अंकातली पुस्तकपरीक्षणे आणि संपादकीयेही त्यातून निसटून येतात, ती संशोधन म्हणून उद्धृत करता येत नाहीत. परीक्षणांचा वेगळा फायदा आहे. जाडजूड ग्रंथ घेण्याआधी दोन परीक्षणे वाचली की त्या ग्रंथावरचे आक्षेपही कळतात. आणि तज्ज्ञांची मोहोर म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. ग्रॅनोव्हेटर यांचा तोच विचार १९६९ मध्ये दुसऱ्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने नाकारला होता.

विषय अगदी नवा असेल तर ‘अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ सोशिऑलॉजी’पासून सुरुवात करा. १९७५ पासून निघणाऱ्या या वार्षिकातले लेख एकेका विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतात. कोण कोणाशी वाद घालतो आहे, ते एका बैठकीत कळते.

छापील पुस्तकांसाठी डेटाबेसइतकाच वेळ द्या. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीच्या लायब्ररीत समाजशास्त्र ३०१ ते ३०७ मध्ये असते, पण नोकरी आणि श्रम यांवरची माझ्या कामाची बरीच पुस्तके ३३१ मध्ये, म्हणजे अर्थशास्त्राच्या कपाटात होती. कॅटलॉगमध्ये एक पुस्तक सापडले की त्याच्या आजूबाजूची चार पुस्तके चाळावीत. असे सापडलेले एक पुस्तक मी आजही रोज उघडते.

ग्रंथपालांशी बोलण्यासारखा दुसरा उपाय मला सापडला नाही. ‘या विषयावर काही आहे का’ असे विचारण्यापेक्षा हातातला निबंध दाखवून ‘याला विरोध करणारे काय आहे’ असे विचारले, की ते अगदी नेमके सुचवतात. आमच्याकडे नसलेले निबंध त्यांनी आंतरग्रंथालय सेवेतून मागवून दिले. पैसे मागणारे पान दिसल्यावर थांबू नका. स्कॉलरमध्ये ‘ऑल व्हर्जन्स’ (त्याच निबंधाच्या इतर प्रती) उघडा, समाजशास्त्राच्या सॉसआर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहामध्ये लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत पाहा, नाहीतर ग्रंथपालांना सांगा.

घरून लॉगिन केल्यावर मध्येच बाहेर फेकले जाणे हा सगळ्यात त्रासाचा भाग आहे. ब्राउझरमधला पत्ता जपून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो चालत नाही, म्हणून डीओआय (निबंधाचा न बदलणारा ओळखक्रमांक) किंवा कायमचा दुवाच जपावा. मी सगळे झोटेरो या संदर्भ जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. ते मोफत आहे, आणि निबंध कोणत्या शोधातून मिळाला ते त्याच्या नोंदीत लिहिता येते. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात हीच माहिती लागते. कॉलेजचे खाते बहुधा शिक्षण संपल्यावर बंद होते, तेव्हा लागणाऱ्या पीडीएफ त्याआधीच उतरवून घ्या.