खेकड्यासाठी घेतलेला दोन फुटी टँक : नऊ महिन्यांनंतर

मागील वर्षी पोळ्याच्या आठवड्यात नागपुरातील एका दुकानातून मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेचा टँक घेतला. त्यासोबत झाकण, दिवा, पाण्यात बुडवून ठेवायचा फिल्टर, रंगीत खडी आणि क्लोरीन घालवण्याचे औषध असा संच मिळून ३२०० रुपये पडले. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात आहे. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर सापडलेला, एक नांगी तुटलेला खेकडा माझ्या मुलीने घमेल्यात ठेवला होता आणि ही खरेदी त्याच्याचसाठी होती. खोक्यावर मासे व कासव यांच्या बरोबरीने खेकड्याचेही चित्र छापलेले होते.

काचेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एसटीच्या गर्दीतून मांडीवर आणूनही एकही सांधा सैल झाला नाही आणि आजतागायत थेंबभरही पाणी पाझरलेले नाही. उरलेला संच मात्र माशांचा विचार करून बनवलेला असून खेकडा त्यात केवळ चित्रापुरता आहे.

याचा प्रत्यय तिसऱ्याच सकाळी आला. झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात वायर बाहेर काढण्यासाठी ठेवलेली खाच चांगली तीन बोटे रुंद आहे. फिल्टरच्या वायरीला धरून खेकडा त्या खाचेतून रात्री बाहेर पडला आणि सगळे घर पालथे घातल्यावर माठाच्या तिवईखालच्या ओल्या रेतीत अर्धा रुतून बसलेला सापडला. त्याने जागा मात्र अचूक निवडली होती, कारण कल्ले ओले असतील तोवरच खेकड्याला हवेतला श्वास घेता येतो. त्या दिवसापासून खाचेवर ॲल्युमिनियमची जाळी आणि झाकणावर अर्धी वीट आहे. नायलॉनची जाळी त्याने एका रात्रीत कातरली होती.

दुसरा दोष फिल्टरचा आहे. धानातल्या खेकड्याला पाण्याइतकीच कोरडी जागाही लागते, त्यामुळे टँक काठोकाठ भरून चालत नाही. आणि पाणी पाच-सहा इंचांवर ठेवले, तर हा उभा फिल्टर अर्धा उघडा पडून घरघरतो. मी तो काढून ठेवला व एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर बसवला. रंगीत खडीच्या कडा धारदार होत्या आणि धुताना तिचा रंगही सुटला, म्हणून तिच्याऐवजी वैनगंगेची रेती सात-आठ पाण्यांनी धुऊन एका बाजूला उतार करून भरली व त्यावर जुन्या घराचे एक कवेलू पालथे ठेवले. दिवसभर त्याचा मुक्काम त्या कवेलूखालीच असतो.

संचातील पत्रकात ‘त्याच दिवशी प्राणी सोडावेत’ असे लिहिले आहे, ते मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. विष्ठा व उरलेले अन्न यांतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू स्पंजमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मला दर दोन दिवसांनी पाणी बदलावे लागले. क्लोरीनच्या औषधाचा उपयोग झाला खरा, कारण आमच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीन असलेली जंतुनाशक) पावडर असते. पुढे मात्र मी बोअरचे जड पाणी वापरू लागलो, ज्यातला कॅल्शियम कवचालाही उपयोगी पडतो. त्याच दुकानात माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषधही ‘सोबत असू द्या’ म्हणून पुढे करण्यात आले होते. खेकड्याला तांबे विषासमान आहे. मोरचूद (तेही तांब्याचेच) किंवा फवारणीचे औषध हाताळलेला हात धुतल्याशिवाय या पाण्यात घालू नये.

तेथेच लाल नांग्यांचे छोटे खेकडे ‘गोड्या पाण्यातले’ म्हणून विकायला होते. ते वास्तविक खाडीकाठचे असून त्यांना मचूळ पाणी लागते. ते मी घेतले नाहीत. एवढ्या टँकमध्ये दुसरा खेकडा ठेवणे म्हणजे तसेही मारामारीला निमंत्रण होते.

खाण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. सुके झिंगे, उकडलेले वाटाणे, कधी शिजलेल्या भाताची चार शिते आणि काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला समुद्रफेसाचा तुकडा एवढे त्याला पुरते. दिवाळीनंतर त्याने आठवडाभर काहीच खाल्ले नाही आणि एका सकाळी रेतीवर मागून उघडलेला, डोळ्यांसह अख्खा पोकळ खेकडा पडलेला दिसला. मुलगी रडू लागली. कवेलू किंचित उचलले तेव्हा खरा खेकडा आत मऊ, फिकट अंगाने बसलेला होता आणि तुटलेल्या नांगीच्या जागी बोटाच्या पेराएवढी पांढरट नांगी आलेली होती. टाकलेली कात मी काढली नाही. पुढच्या दिवसांत ती त्यानेच बरीचशी खाल्ली.

उन्हाळ्यात झाकणातला दिवा पूर्ण बंद ठेवावा लागला, कारण त्याची उष्णता थेट पाण्यावर उतरते. पारा पंचेचाळीसवर गेला, तेव्हा टँकच्या तीन बाजूंना ओले पोते गुंडाळून तो कूलरच्या खोलीत हलवला. वीज जाण्याची धास्ती माशांच्या मानाने कमी आहे, कारण एअर पंप बंद पडला की हा सरळ रेतीवर चढून बसतो.

पुन्हा घ्यायचे झाल्यास मी फक्त काच आणि एअर पंप घेईन आणि झाकण गावातल्या सुताराकडून बिनखाचेचे करवून घेईन.