मिठागरांच्या गावात मीठ विकून गेला

ज्या शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच पंचक्रोशीतल्या माणसाला कुणीतरी माशांच्या टाकीसाठी ‘जपानी मिनरल’ म्हणून खडेमीठ विकलं. दोन किलोचं पाकीट १,४०० रुपये. मी तीन घेतली. हसा खुशाल.

होमस्टेच्या अंगणात पाच हजार लिटरची जांभ्याची टाकी आहे. त्यात सहा कोई, म्हणजे शोभेचे रंगीत जपानी मासे, तीन वर्षं सुखात होते. सीझनच्या तोंडावर हौस आली आणि ऑनलाइन दहा ‘इम्पोर्टेड’ मागवले. मासे २२,०००, गाडीभाडं १,५००, मीठ ४,२००. एकूण २७,७००, सगळे आगाऊ. ‘क्वारंटाइन झालेत, थेट सोडा’ विकणारा म्हणाला. शिक्क्याचं सर्टिफिकेटही पाठवलं. मी काय जपानला फोन लावणार होतो?

पिशवी फोडली तेव्हाच कळायला हवं होतं. लाल-पांढऱ्या कोहाकू जातीच्या कोईच्या पराच्या मुळाशी अर्ध्या इंचाचा हिरवट धागा लोंबत होता, टोकाला दोन फाटे, बुडाशी कातडी लालबुंद. व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणतो, ‘जपानी ब्रीडला असा केस असतोच.’ आणि मी हो म्हटलं! बाजारात कल्ले उघडून बघितल्याशिवाय बांगड्याचे पैसे न देणारा मी.

तो अँकर वर्म, माशाच्या अंगात रुतून बसणारा परजीवी. मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या भाच्याने फोटो बघून सांगितलं, पण नंतर. मासे भिंतीला अंग घासत होते, ते मला खेळणं वाटलं. नवव्या दिवसापर्यंत सोळाच्या सोळा गेले, माझे जुने सहाही. कल्ल्यांवर पांढरे चट्टे, डोळे खोल. कोईंना होणारा हर्पीस व्हायरसही असेल, भाचा म्हणाला, पण आम्ही सगळे माडाच्या आळ्यात पुरून मोकळे, तपासणार काय? त्या व्हायरसला औषध नाही. त्यावर औषधाची बाटली विकणाऱ्याला दारातूनच हाकला. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत, सर्टिफिकेट असो की नसो.

मिठाचा खडा आईने जिभेवर ठेवला. ‘अरे, ह्यां तर आपलां खडेमीठ!’ कोईला मीठ देतात, हजार लिटरला तीन किलोपर्यंत, पण वाण्याकडचं चालतं. अँकर वर्म त्याने मरत नाही.

पोलीस ठाण्यात विचारलं, ‘खायचे की शोभेचे?’ शोभेचे म्हटल्यावर पेन खाली. एका कचेरीत, ‘आम्ही होड्यांचं बघतो, गुरांच्या डॉक्टरकडे जा.’ डॉक्टर म्हणाले, मासा गुरांत येत नाही. पुन्हा ठाण्यात, तर ‘विक्रेत्याचा पत्ता आणा.’ पत्ता असता तर तुमच्या पायऱ्या झिजवल्या असत्या का? तिसऱ्या खेपेला साहेबांनी नाताळात खोली स्वस्तात मिळेल का विचारलं.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइनही १९३०च. ती लगेच लावायची, पैसे पुढे सरकायच्या आत. मी पंधराव्या दिवशी लावली. त्या माणसाच्या जाहिरातीत आता माझ्याच टाकीचा फोटो आहे, मी मासे सोडतानाचा. खाली लिहिलंय, ‘कोकणातले समाधानी ग्राहक’.