बाळाचा न्यूमोनिया: श्वास मोजायचे की एक्स-रे?
खोकणाऱ्या बाळाचा आधी फोटो काढायलाच हवा, असं अनेकांना वाटतं. पण पहिली तपासणी घड्याळाची. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा: दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर डॉक्टर गाठा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने निरक्षर दायांनाही मण्यांच्या साधनाने ही मोजणी शिकवली! एक्स-रेत फुप्फुसाभोवतीचं पाणी दिसतं, हे मोजणीला जमत नाही. मात्र आजार जीवाणूंचा की विषाणूंचा, हे तोही खात्रीने सांगत नाही. मोजणीही फसते, तापात, दम्यातही श्वास वाढतो. तरी माझी पसंती आधी मोजणीलाच. छाती आत ओढली जातेय, बाळ दूध पीत नाही? मग मोजत बसू नका, थेट रुग्णालय, एक्स-रे तिथे.