रिफ्रेशरला पाठवायचं, स्वयमवर कोर्स करायला सांगायचं, की वर्गातच मदत करायची?

आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम पाहणाऱ्या प्रत्येकापुढे जूनमध्ये हा प्रश्न येतो: प्राध्यापकांचं शिकवणं सुधारावं म्हणून यंदा काय करायचं? वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. माझ्या मते निवड एका कसोटीवर करावी. सप्टेंबरमध्ये एफ.वाय.च्या वर्गात बसलेल्या मुलांना काही फरक जाणवेल का?

रिफ्रेशर, म्हणजे प्राध्यापकांचा उजळणी वर्ग. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. पुढे त्यांची एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्रं) झाली आणि २०२३पासून ती मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रं आहेत. पुणे, मुंबई, नागपूरला ती आहेत. रिफ्रेशर दोन आठवड्यांचा असतो आणि कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेसाठी, धरला जातो, त्यामुळे अनेक जण तो करतातच. आपल्या विषयातली नवी माणसं भेटतात, जुनाट झालेल्या नोट्स बदलाव्याशा वाटतात, हा फायदा खरा आहे. पण तिथे शिकवणारे तज्ज्ञ तुमच्या प्राध्यापकाचा वर्ग कधी पाहत नाहीत. मालवीय मिशनच्या २०२०च्या शैक्षणिक धोरणाविषयीच्या कार्यक्रमातल्या आठ विषयांत भारतीय ज्ञानपरंपरा, प्रशासन, संशोधन असं बरंच काही आहे. उद्याचा तास कसा घ्यायचा, याला त्यात जागा कमीच. आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक? त्यांना कॅस नाही, दोन आठवडे तास सोडले तर मानधनही नाही. अनेक महाविद्यालयांत एफ.वाय.चे वर्ग त्यांच्याच भरवशावर चालतात.

स्वयम, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं व्यासपीठ. घरबसल्या, सोयीच्या वेळी, जवळपास फुकट. तासिकेवरच्यांनाही परवडतं. स्वतःहून शिकणाऱ्याला उत्तम. सक्तीने नाव नोंदवलेला माणूस व्हिडिओ चालू ठेवून पेपर तपासत बसतो.

वर्गातली मदत. मिशिगन विद्यापीठात १९६२पासून अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे वापरली जाणारी एक पद्धत आपल्याकडे उद्यापासून करता येईल, ती म्हणजे सत्राच्या मध्यावरचा अभिप्राय. सहाव्या-सातव्या आठवड्यात दुसऱ्या विभागातला एक सहकारी वर्गात येतो आणि थोडा वेळ तास पाहतो. मग प्राध्यापक बाहेर जातात. मुलं चार-पाच जणांच्या गटांत बसून तीन प्रश्नांवर बोलतात: शिकायला कशाची मदत होते, काय अडतं, काय बदलावं? जे बहुतेकांना पटलं तेवढंच सहकारी लिहून घेतो. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नंतर तो प्राध्यापकाशी एकट्याने बोलतो, आणि पुढच्या तासाला प्राध्यापक मुलांना सांगतात की यातलं काय बदलणार, काय नाही आणि का.

यातून निघतं ते बारीकसारीक असतं, आणि म्हणूनच उपयोगाचं. अर्थशास्त्राच्या वर्गातली मुलं म्हणतात, मागणी-पुरवठ्याची आकृती पीपीटीवर आयती येते, मॅडमनी ती फळ्यावर एकेक रेष काढत समजावली तर कळेल. हे सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये येत नाही. आलं तरी ती मुलं तोवर पुढच्या सत्रात गेलेली असतात.

सोबत सहकारी हवा, याला आणखी एक कारण आहे. विज्ञान-गणित-अभियांत्रिकीतल्या २२५ अभ्यासांच्या २०१४मधल्या एकत्रित विश्लेषणात, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांपेक्षा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट दिसली. पण हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या मुलांवरचा २०१९चा अभ्यास सांगतो की मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात जास्त शिकूनही मुलांना वाटतं आपण कमी शिकलो. म्हणजे जो प्राध्यापक धडपड करतो, त्याच्याबद्दलच सुरुवातीला कुरकुर होते. अशा वेळी 'सर, सोडू नका' म्हणणारं कुणीतरी शेजारी हवं.

म्हणून माझा कौल असा: कॅस जवळ आलेल्यांना रिफ्रेशरला पाठवा, ज्यांना हौस आहे त्यांना स्वयम सुचवा, पण आयक्यूएसीची खरी मेहनत तिसऱ्या वाटेवर लावा. सुरुवात स्वेच्छेने पुढे येणाऱ्या तिघा-चौघांपासून करा, त्यात तासिकेवरचा एक तरी असू द्या. विभाग लहान असतील तर शेजारच्या महाविद्यालयाशी जोडी जमवा.

एक अट मात्र पाळावीच लागेल. सहकाऱ्याच्या टिपणाचा कागद प्राध्यापकाकडेच राहील. तो गोपनीय अहवालाला जोडायचा नाही, प्राचार्यांच्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी किती वर्गांत हे झालं एवढी नोंद पुरते. प्राचार्यांना हे मान्य नसेल तर हा उपक्रम यंदा हाती घेऊ नका, कारण एकदा का त्याची तपासणी झाली, की पुढच्या वर्षी कुणी वर्गाचं दार उघडणार नाही.