एमएसच्या पेशंटसाठी पाण्यात भिजवायचं कूलिंग जाकीट, निपाणीच्या उन्हाळ्यात कसं चाललं

आमच्या ताईला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, म्हणजे एमएस. आम्ही निपाणीत असतो. तिच्यासाठी ऑनलाईन मागवलेलं हे जाकीट उन्हाळाभर वापरलं, त्यावरून सांगतो, मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पैसे वसूल आहेत, पण वळीव पडून हवा दमट झाली की काडीचा उपयोग नाही. आपल्या भागातल्या लोकांनी हे बघूनच घ्यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एमएसमध्ये आपलीच इम्युनिटी मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांच्या मायलिनवर, म्हणजे वरच्या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन गेलं की सिग्नल आधीच रखडत जातो, त्यात अंगाचं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी तो मधेच अडतो. ऊटहोफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय की अंगमेहनत केली की या पेशंटची नजर थोडा वेळ अंधुक होते. एमआरआय नव्हता तेव्हा तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून त्रास वाढतो का बघायचे आणि त्यावरून निदानाला मदत घ्यायचे.

आमच्या घरात हे सगळं गॅसपुढं दिसायचं. ताई भाकरी करायला उभी राहिली आणि तव्याची धग लागायला लागली की उजव्या डोळ्याला भाकरीचा काठ पुसट व्हायचा, मग डावा पाय जड, चप्पल फरशीवर घासत यायची, आणि पंख्याखाली जरा वेळ बसली की परत व्यवस्थित. त्यामुळं पाव्हणेरावळे म्हणायचे कामाचा कंटाळा आहे हिला. हा कंटाळा नाही हो, त्या वेळी नस खरोखरच चालत नसते, आणि असं ऐकून घेताना तिला काय वाटत असेल याचा विचार करा जरा.

आता जाकीट. बिनबाह्यांचं आहे, दोन-तीन मिनिटं पाण्यात बुडवायचं, पिळायचं नाही, हातानं दाबून जादा पाणी काढायचं आणि कुर्त्यावरून घालायचं. पाणी वाळताना अंगातली उष्णता ओढून घेतं, माठाचं पाणी गार होतं ना, तेच तत्त्व. मार्चमध्ये ताईच्या शाळेत, वर पत्रा आणि बाहेर रणरण ऊन, तरी दुपारचे तास तिनं उभं राहून घेतले, आधी खुर्चीत बसूनच घ्यायला लागायचे. माझ्यासाठी एवढ्यावरच पैसे फिटले. बेळगावची मावशी आली होती, ती बघून म्हणाली, "काय गं, ओलं घालून काय करूलालीस, सर्दी हुईल की!" सर्दी काही झाली नाही.

पण मेमध्ये दोन-तीन वळीव पडले आणि सगळं गणित बिघडलं. हवेतच ओल असल्यावर जाकिटातलं पाणी वाळणार कुठं, नुसतं ओलं जड पोतं अंगावर घातल्यासारखं, उलट आतून उकडायला लागलं. खानापूर बाजूच्या जांबोटीला मामांकडं गेलो तिथं तर रात्रभर वाळत घालूनही सकाळी ओलंच आणि कुबट वास. म्हणून अथणी, चिकोडी, रायबाग अशा कोरड्या बाजूच्यांनी हे खुशाल घ्या, दमट खानापूर बाजूला असाल तर ज्यात गार पॅक घालायचे असतात ते जाकीट बघा, त्याला हवेशी देणंघेणं नाही. त्याचे पॅक मात्र फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पाण्यात गोठवून घ्यायला लागतात, वजनाला जड, महागही, आणि लाईट गेली की पंचाईत. साधा बर्फ थेट अंगाला लावू नका, एमएसमध्ये कित्येकांची कातडी बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही.

साईझ चुकवू नका. सैल जाकीट अंगाला टेकत नाही मग गार कुठून वाटणार, आणि यांचे साईझ पुरुषांच्या मापाचे येतात. आमच्या जाकिटाला पुढं बारीक चेन आहे, ताईच्या बोटांना मुंग्या असतात तेव्हा ती तिला लावताच येत नाही, कोणीतरी लावून द्यावी लागते आणि याचा तिला भारी राग येतो. वेल्क्रोचं मिळालं तर तेच घ्या.

आणखी एक, यानं रोग बरा होत नाही. २००३ मध्ये नासाच्या साथीनं ८४ पेशंटवर गारव्याचा अभ्यास झाला होता, त्यांची जाकिटं आत गार द्रव फिरवणारी होती, त्यात चालणं आणि नजर थोडी सुधारली, रोज वापरणाऱ्यांना थकवाही कमी वाटला, पण थोडीच हं. मूळ औषध चालूच ठेवायचं. उन्हानं वाढलेला त्रास अंग गार झालं की जातो, नसांचं नवीन नुकसान होत नाही त्यात. पण ताप नसताना नवीन त्रास २४ तासांच्या वर टिकला तर तो एमएसचा नवीन अटॅक असू शकतो, तेव्हा जाकीट बाजूला ठेवा आणि न्यूरोलॉजिस्टला फोन करा.

कोरड्या उन्हाळ्यासाठी पाचपैकी चार स्टार, चेनमुळं एक कापला. वळवानंतरच्या दिवसांसाठी एक. त्या दिवसांत आम्ही मानेवर ओला पंचा, टेबल फॅन आणि गार पाणी घोट घोट एवढ्यावरच भागवतो, आणि भाकरी मी करतो.